फ्रिजवरचा चौथा नियम

लाइट गेलेली नसती तर समीक्षाला काहीच कळलं नसतं. लाइट असती तर बेल वाजली असती, आतल्या कूलरच्या घोंघाटातून कामवाली रुपीबाई पदराला हात पुसत दार उघडायला आली असती, आणि घर नेहमीसारखं, म्हणजे फ्रिजवर चिकटवलेल्या नियमांप्रमाणे, चाललेलं दिसलं असतं. पण एप्रिलची दोन तारीख होती, दुपारचे अडीच, यवतमाळचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि बेलचं बटण दोनदा दाबूनही मुकंच राहिलं. चार वाजता टाऊन हॉलमध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांचा कार्यक्रम, त्यात तिचं भाषण, आणि भाषणाचा पेन ड्राइव्ह टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये राहिलेला. म्हणून ती बाजूच्या बोळातून मागे गेली, कपडे धुवायच्या दगडापाशी, जिथं स्वयंपाकघराचं जाळीचं दार आहे. जाळीला हात लावणार, तोच आतून कुणी तरी म्हणालं, "याडी, बाटी दे."

आवाज लहान मुलीचा होता. थोडा घोगरा, पण बिनधास्त. मागितलं की मिळतं हे ठाऊक असलेल्या पोराचा असतो तसा. समीक्षाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर रुपीबाईनं तांड्यावरून कुणाची तरी पोर कामावर आणली, सहावा नियम मोडला. पाहुणे आणू नयेत, नवीन माणसांनी निकी बिथरते, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. रागवायचं वाक्यसुद्धा तिनं मनात जुळवून घेतलं, रुपीबाईला लागणार नाही पण कळेल असं. या जिल्ह्यात एसटीनं फिरलेल्या कुणालाही याडी म्हणजे आई आणि बाटी म्हणजे भाकर हे सांगावं लागत नाही. मुकुटबनच्या स्टँडवर लहानपणी तिनं ही बंजारा बोली हजारदा ऐकली होती. रुपीबाई आत तिच्या बोलीत काही म्हणाली, बहुधा गरम आहे, फुंकून खा असं, कारण पाठोपाठ फुंकर ऐकू आली. समीक्षानं जाळीला डोळा लावला. आत दोनच माणसं होती. एक रुपीबाई, पाठमोरी, तव्यापुढं. दुसरी खाली फरशीवर, परातीभोवती दोन्ही पाय पसरून, कोपरापर्यंत पिठात माखलेली, भाकरीच्या तुकड्यावर गाल फुगवून फुंकर घालणारी, नऊ वर्षांची निकिता कपिल ठाकरे. समीक्षाची मुलगी. जी बोलत नाही.

जी बोलत नाही, हे वाक्य समीक्षानं इतक्या ठिकाणी, इतक्या शांतपणे उच्चारलं होतं की ते मुलीच्या आडनावासारखं झालं होतं. कानात कुणी तरी पितळी ताट आपटल्यासारखं झालं आणि तो नाद जाईना. पिठाचे हात, हेच मुळात शक्य नव्हतं. निकीच्या रोजच्या नोंदींसाठी ठेवलेल्या रजिस्टरात पान सव्वीसवर समीक्षाच्याच अक्षरात नोंद होती, 'ओल्या, चिकट स्पर्शाला तीव्र विरोध.' ती भूमी अभिलेख कार्यालयात नोकरीला होती. अठरा वर्षांत एक गोष्ट तिच्या हाडात मुरली होती, की नोंद नाही तर ती वस्तू जगात नाही, आणि नोंद आहे तर मग वस्तू गेली खड्ड्यात, नोंद खरी. माणसांच्याही ती मनात नोंदी ठेवायची. कुठल्या नणदेनं निकीला बघून 'हिच्यावर उपाय नाही का वं' म्हटलं, कुणी वाढदिवसाला बोलवायचं टाळलं आणि वर दुसऱ्या दिवशी केक पाठवला, पालकांच्या बैठकीत कोण आपल्या मुलाला 'जरा हट्टी' म्हणतं, कोण 'स्पेशल' म्हणतं आणि कोण नाव घेऊन बोलतं. पहिल्या जातीचे एका वर्षात रडतात, दुसऱ्या जातीचे फोटो काढतात, तिसऱ्या जातीचे फार येत नाहीत, असं तिचं निरीक्षण होतं. स्वतःची जात तिनं कधी पाहिली नव्हती. आता आत निकी तोंडात घास ठेवून काही तरी आणखी बोलली. लांब बोलली. पाच-सहा शब्दांचं, चढत जाऊन शेवटी आपटणारं, तक्रारीचं वाक्य. रुपीबाई हसली. समीक्षाला त्यातला एकही शब्द कळला नाही. आपली मुलगी वाक्य बोलली आणि ते आपल्याला कळायला दुभाष्या लागेल, हे समजायला तिला दगडावर बसावं लागलं. दगड तापलेला होता. ते तिला फार उशिरा जाणवलं.

बसता बसता हातानं आपलं काम केलं होतं. पर्समधून मोबाईल निघाला होता, कॅमेरा उघडला होता, अंगठा लाल ठिपक्यावर होता. आणि तिथंच तो अडला, कारण अंगठ्याला एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, निकी फ्रिजपाशी उभी राहून 'पाणी' म्हणाली होती. एकदा, स्पष्ट. समीक्षानं किंकाळी फोडली होती. मग तिनं मोबाईल धरला आणि म्हणाली, पुन्हा म्हण. मग ग्लास उंच धरला आणि म्हणाली, म्हण ना राजा, पाणी म्हण. राजूरच्या कोळसा खाणीत ड्यूटीवर असलेल्या कपिलला व्हिडिओ कॉल लावला. तोही हेल्मेट घालून, काळ्या तोंडानं, पुन्हा म्हण बाळा म्हणाला. नागपूरच्या तज्ज्ञ बाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, शब्द पक्का करून घ्या. संध्याकाळपर्यंत घरात तो शब्द साठेक वेळा मागितला गेला, आणि निकी कानावर हात ठेवून कपाटाच्या फटीत जाऊन बसली ती रात्री जेवायलाही निघाली नाही. त्यानंतर ती तहान लागली की नळाकडं नुसतं बोट दाखवायची, नंतर नंतर तेही नाही, स्वतःच जाऊन प्यायची. रजिस्टरात त्या दिवशी 'पाणी' असं लाल शाईनं लिहिलेलं आहे आणि पुढच्या सगळ्या पानांवर शून्य. ते शून्य आपण काढलेलं आहे, हे समीक्षाच्या ध्यानात आजवर आलं नव्हतं. ती ते निकीचं समजत होती.

चौथा नियम त्याच नागपूरच्या बाईंच्या सांगण्यावरून आला. घरात एकच भाषा ठेवा, त्या म्हणाल्या होत्या, मुलीच्या डोक्यात गोंधळ नको. मोलकरीण कुठली आहे? बंजारा? मग तिला सक्त सांगा. समीक्षानं सक्त सांगितलं. रुपीबाईला वाचता येत नव्हतं तरी नियम संगणकावर टाइप करून, लॅमिनेट करून, चारही कोपऱ्यांना चुंबक लावून फ्रिजवर डकवले: निकीशी फक्त शुद्ध मराठीत बोलावे. शुद्ध हा शब्द तिचा स्वतःचा. कारण चित्रांच्या कार्डांवरची मराठी तशी होती, 'मला भूक लागली आहे', 'कृपया मला मदत करा'. ती स्वतः तशी बोलायला लागली, कार्डासारखी, प्रत्येक शब्द सुटा, धुऊन वाळवून घडी घातलेला. तिची आई, विमलताई, मुकुटबनहून कापूस संपल्यावर चार दिवस राहायला आली होती, तिनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "काहून वं समीक्षा, पोरीसंग असं पुस्तक वाचल्यासारखं कायले बोलून राह्यली? तू मासंग तं कधी अशी नाही बोलली. मले तं वाटते तू तिले नोटीस देऊन राह्यली." समीक्षानं ते हसण्यावारी नेलं आणि मनातल्या वहीत आईच्या नावे एक नोंद केली, 'समजून घेत नाही.' आता तापलेल्या दगडावर बसून तिला आठवेना, की निकीला आपण कधी 'ये वं' म्हटलं होतं का. झोपेत तरी. ताप आल्यावर तरी. जी भाषा तिच्या तोंडात दात येण्याआधी आली, ती तिनं स्वतःच्या मुलीसाठी उंबऱ्याबाहेर चपलेसारखी काढून ठेवली होती, आणि मागच्या दारानं तिसरीच भाषा आत येऊन चुलीपाशी बसली होती.

मोबाईल हातात थरथरला. इंद्रजीत होता, कार्यक्रमाची धावपळ बघणारा कॉलेजचा मुलगा. फोन नव्हता, फोटो होता. टाऊन हॉलच्या दारावर बॅनर चढला होता. समीक्षाचा फोटो, मांडीवर निकी, निकीची मान नेहमीसारखी दुसरीकडं, आणि खाली पिवळ्या अक्षरात समीक्षाचं गाजलेलं वाक्य: 'माझी मुलगी बोलत नाही. मी तिचा आवाज आहे.' हे वाक्य ती घाटंजीत बोलली होती, वणीत बोलली होती, आणि प्रत्येक वेळी समोरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावला होता. वाक्य चांगलं होतं. तिनं ते पुन्हा वाचलं आणि जाळीतून आत पाहिलं. आवाज पिठात पाय पसरून बसला होता आणि दुसरी भाकर मागत होता.

तिनं जाळीचं दार ढकललं. बिजागरी कुरकुरली आणि निकी थांबली. नुसती गप्प नाही झाली, थांबली. दुकानाचं शटर पडावं तसा तिचा चेहरा बंद झाला, हात परातीतून निघून मांडीखाली गेले. हा चेहरा समीक्षाच्या ओळखीचा होता. खरं तर निकीचा तिला एवढाच चेहरा माहीत होता. आपण दारातून आलो की हा येतो, हे मात्र कुठल्याही पानावर नव्हतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं. कार्यालयात फाईल दाबून ठेवणाऱ्याला विचारते त्याच आवाजात.

रुपीबाईनं आधी गॅस बंद केला. मग पदर सारखा केला. "मांगच्या पोळ्यापासून," ती म्हणाली. "आधी बाटी म्हणे. मग दूध, मग चटणी. मग भांडाले लागली."

"भांडायला?"

"हव. भाकर जाड झाली तं फेकून देते, अन् वरून मलेच बोलते. आत्ता तेच करून राह्यली होती ना. तोंड लय चालते तिचं."

लय चालते. समीक्षानं आजवर पुष्कळ आयांचा हेवा केला होता, शाळेच्या फाटकाशी, लग्नांत, फोनवर. पण भांडण, उलटून बोलणं, फेकलेली भाकर यांचाही हेवा करता येतो हे तिला सुचलं नव्हतं. "आणि तुम्ही मला रोज सांगत होतात," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी मी रजिस्टर उघडून विचारायची, आज काही बोलली का. तुम्ही म्हणायच्या, नाही."

"तुमी इचारत होत्या, मराठीत काही बोलली का," रुपीबाई म्हणाली. "मराठीत नाईच बोलली, म्याडम. मी खोटं कुठं सांगतलं?"

समीक्षाच्या रजिस्टरात रकान्याचं नावच तसं होतं, 'मराठी शब्द'. अशा उत्तरासाठी तिनं कित्येक अर्जदारांना मनातल्या मनात दाद दिली होती, आणि मग अर्ज फेटाळला होता.

"काढून टाका मले, तं काढा," रुपीबाई म्हणाली. "पन पोरीपुढं आवाज चढवू नका. तिले सोसत नाही."

हेच वाक्य समीक्षाच्या भाषणात चौथ्या पानावर होतं. तिनं आवाज खाली आणला, आणि तो खाली आला तो अगदी मुकुटबनपर्यंत गेला. "पन मले काहून नाही सांगितलं, बाई? मी माय हावो ना तिची."

रुपीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. तीन वर्षांत ही बाई आपल्यासारखी बोलते हे तिला पहिल्यांदा कळत असावं. "सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं?" ती म्हणाली, आणि मग हनुवटीनं समीक्षाच्या उजव्या हाताकडं दाखवलं. हातात मोबाईल होता. कॅमेरा अजून उघडाच होता. पडद्यावर फरशी, चपलेचं टोक आणि पिठाचा एक पांढरा पंजा दिसत होता. "मी पाह्यलं होतं ना, पाणी म्हणली होती तवा. मीच कपाटापाशी बसली होती तिच्याजवळ, रात्री आठपर्यंत. बस चुकली माही."

रुपीबाई खाली बसली. बसून बोलायची तिची पद्धत नव्हती, या घरात तरी. परातीतलं पीठ उगाच गोळा करत ती म्हणाली, की तिला एक भाऊ आहे, धनसिंग. असाच, निकीसारखा, एकाच चाकाकडं बघत बसणारा. घाटंजीकडं त्यांचा तांडा. आई कापूस वेचायला जाताना त्याच्या पायाला लुगड्याचा काठ बांधून दुसरं टोक बाजेला बांधायची. काय करणार, विहीर जवळ होती. शाळेत गुरुजींनी नाव घातलं आणि दोन महिन्यांनी सांगितलं, पोरगा मुका आहे, घरी ठेवा. "मुका नव्हता, म्याडम. गुर्जीले आमची बोली येत नव्हती." मग बारा वर्षांचा असताना तो घाटंजीच्या बाजारात हात सुटून हरवला. तिसऱ्या दिवशी सापडला, दुसऱ्याच तालुक्यात, कुण्या भल्या माणसाच्या ओसरीवर. त्या माणसानं त्याला जेवू घातलं होतं, अंगावर पांघरूण दिलं होतं. तो म्हणाला, पोरगं तीन दिवस सारखं काही तरी बडबडत होतं, एकच गोष्ट, आम्हाला वाटलं येडं आहे. "नाव सांगत होता," रुपीबाई म्हणाली. "आपलं नाव, बापाचं नाव, तांड्याचं नाव. मायनं पाठ करून घेतलं होतं. तीन दिवस सांगतलं बिचाऱ्यानं. मग थांबला. आज चाळिशीचा झाला, अजून थांबलाच हाय."

समीक्षाला एकदम आपली रविवारची बैठक दिसली, पुढच्या खोलीत, अठरा प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. कुणी खाणीतला साहेब, कुणी सोयाबीनवाला, कुणी 'बाई, हे औषधानं जाते का' विचारणारा म्हातारा. सगळ्यांना आपापलं सांगायला पाच पाच मिनिटं. ती घड्याळ लावून द्यायची. आणि खुर्च्यांच्या मागून ट्रे घेऊन फिरणारी रुपीबाई, साखर कमी कुणाला, बिनदुधाचा कुणाला, तीन वर्षं एकदाही न चुकता. समावेशक हा शब्द त्या खोलीत किती वेळा उच्चारला गेला असेल याची नोंद नव्हती. एकोणिसावी खुर्ची कुणी मागितली नव्हती, आणि समीक्षानं तर आणायचा विचारही केला नव्हता.

"मी तिले शिकवलं नाही," रुपीबाई म्हणाली. "देवाशप्पथ. मी माह्याशीच बोलत राहते काम करता करता. तुमच्या नियमानं तिच्याशी नाही बोलायचं, माह्याशी बोलाले कुठं बंदी हाय? माही पोरगी फोन करते दुपारी, स्पीकरवर, ते याडी, याडी करते. हिनं तिथूनच उचललं. तुमी ते मनाले लावून घेऊ नका. तिच्यासाठी याडी म्हणजे माय नाही. याडी म्हणजे रुपीबाई, नाव हाय ते."

हे खरं होतं, की दयेनं दिलेलं होतं, समीक्षाला ठरवता येईना. माणसांची पारख करण्यात तिचा हात धरणारं कार्यालयात कुणी नव्हतं. "मग मले काय म्हणते?" तिनं विचारलं.

रुपीबाई परातीकडं पाहत राहिली. कडेचं पीठ बोटानं खरवडत राहिली. उत्तर नाही असं नव्हतं. ते होतं, आणि ती त्यावर बसली होती.

समीक्षानं कॅमेरा बंद केला. मग इंद्रजीतला फोन लावला आणि म्हणाली, बॅनरवरचं माझ्या फोटोखालचं वाक्य झाक. इंद्रजीतला वाटलं शुद्धलेखनाची चूक सापडली. "दोन्ही ओळी झाक," ती म्हणाली, "निकीचा फोटोही." "मॅडम, फ्लेक्स छापून झाला, पाहुणे येऊन राह्यले," तो म्हणाला, "आता कायनं झाकू?" "कायनंही झाक. हार लाव, टॉवेल लाव." तिनं फोन ठेवला आणि ओट्यावर सरकवून दिला. चार वाजता त्या माईकपुढं उभं राहून काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं. गेल्या सहा वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. ती फ्रिजपाशी गेली, चारही चुंबकं काढली. लॅमिनेट केलेला कागद हातात आला, पण तो फाटत नसतो, हे तिला तेव्हा कळलं. वाकवला तरी सरळ होत होता. शेवटी तिनं तो डब्यांच्या मागे सारला आणि तिथंच, फ्रिजला पाठ लावून, साडीसकट फरशीवर बसली. निकीपासून चार हातांवर. निकीच्या मांडीखालून एक हात निघाला होता आणि परातीच्या काठाला लागला होता. समीक्षा तिच्याकडं बघत नव्हती. बघू नये, हे तिला भाषणातही माहीत होतं, 'थेट नजर टाळा'. पण आत्ता ती माहितीमुळं बघत नव्हती असं नाही, तिची छातीच होत नव्हती.

तेवढ्यात लाइट आली. पुढच्या खोलीतला कूलर खाकरून सुरू झाला, फ्रिज पाठीशी गुरगुरला, आणि ओट्यावरचा मोबाईल वाजायला लागला. इंद्रजीतच असणार, हार पुरला नसणार. समीक्षा उठली नाही. रुपीबाईनं मान वर केली, तिचे ओठ सवयीनं उघडले, रोजच्यासारखं हाक मारायला, आणि उघडेच राहिले. कारण हाक आधीच मारली गेली होती. खालून, परातीजवळून, घोगऱ्या, जराशा वैतागलेल्या आवाजात, रुपीबाईच्याच चालीवर, कुणाकडंही न बघता.

"म्याडम. फोन."

रुपीबाईनं पिठाचा हात तोंडावर ठेवला. डोळ्यांनी ती समीक्षाची माफी मागत होती. म्याडम. हेच नाव होतं तर. सात महिने या चुलीपाशी समीक्षाचा उल्लेख या नावानं होत आला होता, येणाऱ्या, जाणाऱ्या, रजिस्टर उघडणाऱ्या बाईचा. घशापर्यंत दोन शब्द आले, जुने, पाठ झालेले: पुन्हा म्हण. त्यांच्या मागोमाग आणखी दोन आले, आई म्हण. ते चारही तिनं गिळले. कोरडी भाकर पाण्यावाचून गिळावी तसे, एकेक करून. फोन वाजतच होता. निकीनं कपाळाला आठ्या घातल्या, एक कान खांद्याला दाबला, आणि आपली म्याडम ऐकत कशी नाही म्हणून परातीवर एक चापट मारली.

मुकुटबनला लहानपणी, मागच्या आवारातून विमलताईनं हाक मारली की चिंचेच्या झाडावरून जसं तोंडातून निघायचं, तसं आणि तेवढंच समीक्षाच्या तोंडून निघालं.

"ओ," ती म्हणाली, आणि फोन घ्यायला उठली.